सरीत पाणी आहे, तरी पीक माना का टाकतं?

पंचगंगेचा पूर ओसरतो, ढग हटून कडक ऊन पडतं आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर-शिरोळच्या मळीच्या रानात एक विचित्र चित्र दिसतं. सरीत अजून पाणी चमकत असतं, पण दुपारी ऊस पानं गुंडाळतो. शेजारची मिरची, टोमॅटो तर सरळ माना टाकतात. मग कुणीतरी म्हणतं, एक पाणी देऊन बघू. तिथंच नुकसान दुप्पट होतं.

दिवसा पाणी वर चढतं ते मुख्यतः पानांतून उडणाऱ्या बाष्पाच्या ओढीनं. त्या ओढीसाठी मुळाला जोर लावावा लागत नाही. त्याचं काम वाट उघडी ठेवण्याचं. मुळाच्या पेशींच्या पडद्यात पाण्यासाठी प्रथिनांची बारीक दारं असतात, त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. पाणी तुंबून मुळाशी ऑक्सिजन संपला की पेशीतला रस आंबट होतो आणि ही दारं मिटतात. ऊर्जेचा हिशोबही कोसळतो: साखरेच्या एका रेणूपासून श्वसनात ३० च्या आसपास एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची सुटी नाणी, मिळतात, ऑक्सिजनविना फक्त २. रात्री मूळ हीच ऊर्जा खर्चून क्षार आतल्या नळ्यांत ओढतं, त्यामागून पाणी येतं आणि दाब तयार होतो. पहाटे पानाच्या टोकावर दिसणारे थेंब म्हणजे सगळं दवच नसतं, काही या दाबानं बाहेर आलेलं पाणी असतं.

पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मातीच्या पोकळ्या भरल्या की आत उरलेला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू मिळून लवकरच संपवतात. गगनबावड्याकडचा भात पाण्यात निवांत उभा असतो, कारण त्याच्या खोडा-मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. टोमॅटोला ही सोय नाही.

हे डोळ्यांनी बघायचं तर ८ इंची दोन कुंड्यांत ३०-३५ दिवसांची टोमॅटोची रोपं घ्या. एक कुंडी बादलीत ठेवून मातीवर २ सेंमी पाणी राहील इतकी बुडवा, दुसरीला बेतानं पाणी द्या. दोन्ही उन्हात. दोन दिवसांत बुडवलेल्या रोपाचे देठ खाली वळू लागतात. मग संध्याकाळी दोन्ही खोडं मातीपासून ४ इंचांवर धारदार पात्यानं कापा, बुंध्यावर पारदर्शक बारीक नळी घट्ट बसवा आणि सकाळी रस किती चढला त्याची खूण करा. बुडवलेल्यात तो कमी किंवा अजिबात नसतो. भर दुपारी कापू नका. तेव्हा आतल्या नळ्या ताणाखाली असतात आणि बुंधा उलट पाणी आत ओढतो. नळी सैल राहिली तर रस गळून प्रयोग फसतो.

शेतात मात्र वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेतानं असणं, हेच खरं मोजमाप. सरीच्या बगलेतून १५-२० सेंमी खोलीची माती मुठीत दाबा. तळहात ओला झाला किंवा माती चिकटली तर अजून थांबा. गोळा झाला आणि कंबरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे. गोळाच होत नसेल तर पाणी हवंय. सोबत एखादं मूळ उपटून बघा: पांढरी टोकं जिवंत, तपकिरी आणि साल निसटणारी मेलेली. मातीला सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा केव्हाच संपली. रात्रीच्या लाईटीवर मोटार सोडून झोपणाऱ्यांच्या रानात हा वास पुराविनाही येतो.

पाणी तुंबलं असेल तर आधी चर. सरीच्या तळापेक्षा खोल, दोन-अडीच फूट, उतार ओढ्याकडे. ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नका, उरलेल्या पोकळ्याही दाबल्या जातात. युरिया लगेच टाकू नका: दमलेलं मूळ तो घेत नाही आणि हवा नसलेल्या मातीत बराचसा नत्र वायू होऊन उडतो. तोवर १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरला ५ ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी पानांवर. वाफसा आल्यावर कोळपणी, मग खत.

शिरोळकडच्या चोपण जमिनीत पूर नसतानाही हाच त्रास होतो. सोडियममुळे माती फुगून पोकळ्या बंद होतात आणि मुळं गुदमरतात. नुसती खारवट जमीन वेगळी: तिथं क्षारच पाणी धरून ठेवतात. म्हणून माती तपासताना ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) आणि ईएसपी (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण) दोन्ही मागा. ईसी ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर म्हणजे खारवट, ईएसपी १५ टक्क्यांच्या वर म्हणजे चोपण. जिप्सम चोपणाला लागतं, तेही अहवालातल्या हिशोबानं. आणि निचऱ्याची वाट आधी काढा, कारण जिप्समनं सुटलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेला नाही तर तो तिथंच राहतो.