चाळिशीत एमएसडब्ल्यू करताय? या चुका टाळा

एकेचाळिसाव्या वर्षी मी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी वर्गात शिरले, तर मुलं मला मॅडम समजून उभी राहिली. वयाची जी धास्ती घेतली होती ती तिथेच हसण्यावारी गेली. अडलं ते भलतीकडेच.

आधी कागद. माझी पदवी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला होता म्हणून निभावलं. विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्रही मागतात. प्रवेश सुरू झाल्यावर धावपळ करू नका, दोन महिने आधीच फाइल लावा.

दुसरी चूक म्हणजे ‘लोकांसाठी काहीतरी करायचंय’ एवढ्यावर कोर्स निवडणं. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला प्रवेशाची कमाल वयोमर्यादा 35 आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी, आणि मानसशास्त्राचे दूरशिक्षणातले नवे प्रवेश यूजीसीने 2025 पासून बंद केले आहेत. तीन महिन्यांच्या ऑनलाइन समुपदेशन सर्टिफिकेटवर पैसे घालण्याआधी एवढं माहीत असू द्या.

सगळ्यात महागात पडते ती फिल्डवर्कची चूक. ‘नोकरी सांभाळून करेन’ असं मीही म्हणाले होते. पण फिल्डवर्क म्हणजे आठवड्याचे साधारण दोन दिवस, तेही कामाच्या वारी, वस्तीत नाहीतर संस्थेत. ती हजेरी भरली नाही तर पेपर चांगले जाऊनही बहुतेक ठिकाणी सत्र अडतं. प्रवेशाआधीच विभागात जाऊन फिल्डवर्कचे वार विचारा आणि साहेबांशी रजेचं बोलून घ्या. सत्र सुरू झाल्यावर ओढाताण व्हायला लागली, तर दांड्या मारून लपवू नका. सुपरवायझरना सांगा, जवळची संस्था मिळू शकते.

आणि तिथे गेल्यावर आपला अनुभव आडवा येतो. पतपेढीत सोळा वर्षं लोकांना ‘असं करा, तसं करू नका’ सांगण्यात गेली होती. वस्तीतल्या एका ताईंची मुलगी सातवीत शाळा सोडून घरी बसली होती. मी तासभर शिक्षणाचं महत्त्व सांगितलं आणि झोकात रिपोर्ट लिहिला. परत आला तेव्हा ‘मी त्यांना समजावलं’ या वाक्याभोवती लाल वर्तुळ. एक नाही, सात ठिकाणी. खाली मॅडमनी एवढंच लिहिलं होतं: ‘त्या काय म्हणाल्या?’

मला आठवेना. पुढच्या खेपेला तोंड मिटून बसले. ताई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘शाळेच्या मुतारीला दार नाही, ती कशी जाणार?’ त्यानंतर काय करायचं ते आपोआप ठरलं: मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे अर्ज. निघताना हातावर पाचशेची नोट ठेवायचाही मोह होतो. मी एकदा एका घरी ठेवली. पुढच्या आठवड्यात त्या बाई मला बघून आत निघून गेल्या.

परीक्षेचं म्हणाल तर, वाचून होतं. हाताने लिहून होत नाही. कीबोर्डची सवय झालेली बोटं दुसऱ्या तासाला आखडतात. पहिल्या सत्रात माझा शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. मग रोज रात्री जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न घड्याळ लावून लिहायला लागले. शेजारी मुलगा दहावीची उजळणी करायचा आणि अधूनमधून वाकून माझ्या अक्षराला नावं ठेवायचा.