फ्रान्समधल्या छोट्याशा गावाची लोकसंख्या कशी शोधायची

तिकडे खेडं असो नाहीतर शहर, सगळ्यांना कम्यूनच म्हणतात आणि अशा जवळजवळ ३५ हजार कम्यून आहेत, त्यामुळे नुसतं नाव टाकून शोधलं की हमखास दुसरंच गाव पुढ्यात येतं. म्हणून आधी गावाचा इन्से कोड शोधा (इन्से म्हणजे त्यांची सरकारी आकडेवारी संस्था). पिनकोडवर विसंबू नका, एका पिनकोडात कितीतरी गावं असतात. इन्से कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे जिल्हा, जसं ५५ म्हणजे म्यूझ.

आता आकडा. इन्सेच्या साइटवर दोन-तीन वेगवेगळे दिसतील, त्यातला 'म्युनिसिपाल' (गावातली लोकसंख्या) लिहिलेला घ्या. 'तोताल'मध्ये (म्हणजे एकूण) बाहेरगावी शिकणारी पोरं वगैरे परत धरलेली असतात, म्हणजे तीच माणसं दोन गावांत मोजली जातात. आणि वर्ष लिहाच प्लीज, कारण १० हजारांच्या आतल्या गावात घरोघरी मोजणी पाच वर्षांतून एकदाच होते, शिवाय जानेवारी २०२५ ला लागू झालेला आकडा मुळात २०२२ चा आहे.

खरी मजा जुन्या याद्यांत आहे. १८३६ पासूनच्या बऱ्याच मोजण्यांच्या नावनिशीवार याद्या जिल्ह्याच्या अर्काइव्हजच्या साइटवर स्कॅन करून ठेवल्यात. वाडीवार, घरवार, हाताने लिहिलेलं, नाव, वय, धंदा. 'क्युल्तिव्हातर' म्हणजे शेतकरी, हा एक शब्द ओळखायला लागलात की अर्धं पान वाचता येतं. मी तर आधी एकच घर धरते आणि पुढच्या यादीत त्यातलं कोण उरलंय ते बघते, गाव कसं रिकामं होत गेलं ते तेव्हा कळतं.

आणि लोकसंख्या शून्य दिसली तर चूक समजून ती ओळ उडवू नका. म्यूझमधल्या व्हर्दं शहराजवळची सहा गावं पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या लढाईत पार जमीनदोस्त झाली, परत वसलीच नाहीत, तरी कम्यून म्हणून कागदावर जिवंत ठेवलीयत, मेयरसुद्धा नेमतात. त्यातलंच फ्लरी. युद्धाआधी तिथे चारशेच्या वर माणसं होती. आज तोफगोळ्यांच्या खड्ड्यांवर गवत आणि झाडं आहेत, आणि मधून मधून खुणा रोवल्यात, इथे बेकरी होती, इथे शाळा.