फाउंड्रीची धूळ उंबऱ्याबाहेर ठेवायची कशी

बेळगावच्या अनगोळ, मजगाव, मच्छे या पट्ट्यात घराआड एक घर असं निघेल की तिथलं कुणी ना कुणी फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, जातं. मी फेटलिंगवर असतो. कास्टिंग थंड झालं, साचा फोडला, की त्याला चिकटलेली वाळू काढायची आणि जादाच्या कडा ग्राइंडरनं घासायच्या, हे माझं काम. प्रदूषण म्हटलं की लोक चिमणीकडे बोट दाखवतात. चिमणीचं काय करायचं ते माझ्या हातात नाही. पण घरात शिरणारं विष बरंचसं शर्टाच्या कॉलरमधून, बुटाच्या तळव्याखालून आणि नखांतून येतं, आणि त्याला अडवणं आपल्याच हातात आहे. म्हणून हे लिहितोय.

आधी धूळ समजून घ्या. साच्याची वाळू म्हणजे सिलिका. जी धूळ डोळ्याला दिसते ती बहुतेक नाकात अडते, शिंकरली की निघते. न दिसणारी बारीक धूळ फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथं हळूहळू निबर वण धरतात. हा सिलिकोसिस. खराब झालेला भाग पुन्हा नीट करणारं औषध नाही, आणि अशा माणसाला टीबी पटकन धरतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरचं कारण म्हणूनही सिलिकाची धूळ जगभर मान्य झालेली आहे. वाळू ओली असेपर्यंत त्रास कमी. नॉकआउट (साचा फोडणं), फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग (बारीक छऱ्यांचा मारा करून कास्टिंग साफ करणं), म्हणजे जिथं ती भाजून कोरडी झालेली असते तिथं जास्त.

नाकाला रुमाल बांधणारे आमच्यात पुष्कळ. रुमालानं मोठे कण अडतात, बारीक धूळ आरपार जाते. मास्क घेताना त्यावर आयएस ९४७३ (मास्कचं भारतीय मानक) आणि एफएफपी २ (धूळ गाळण्याचा दर्जा) असं छापलंय का बघा. नाकावरची पट्टी बोटांनी दाबून बसवा आणि दाढी ठेवू नका, कारण दाढीच्या केसांतून हवा आत येते आणि भारी मास्कही फुकट जातो. श्वास ओढायला जड जायला लागलं की मास्क बदलायचा. धुऊन पुन्हा वापरायचा नाही.

शिफ्ट सुटताना कंप्रेसरची हवा अंगावर मारून घ्यायची पद्धत सगळीकडे आहे. कपडे झटक्यात स्वच्छ दिसतात खरे, पण तेवढ्या वेळात तोंडासमोर जो ढग उठतो तो दिवसातला सगळ्यात वाईट असेल. ते बंद करा. कामाचे कपडे कामावरच बदला, शक्य असेल तर तिथंच आंघोळ करा, निदान तोंड, मान, हात कोपरापर्यंत साबणानं धुवा. मळके कपडे पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधायचं. घरी आल्यावर ते झटकायचे नाहीत, सरळ बादलीत बुडवायचे, आणि पोरांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. घरातल्या बाईला हे सांगून ठेवा, कारण अंगणात शर्ट फटकन झटकला की धूळ तिच्याच नाकात जाते. बूट दाराबाहेर. आमची धाकटी मी गल्लीत दिसलो की पळत येते. तिला बायकोनं शिकवलंय, "आधी पप्पा मोरीत, मग तू."

आता तंबाखू. मळायचा की नाही हा वाद मी इथं घालत नाही, डॉक्टर घालतातच. पण मळणारा माणूस काय करतो ते बघा. ग्राइंडर बंद करतो, तळहात पँटीला पुसतो, चुना लावतो, अंगठ्यानं रगडतो आणि चिमूट ओठाखाली ठेवतो. तळहाताच्या रेषांतलं जे काही असेल ते सगळं तोंडात. साध्या लोखंडाच्या कास्टिंगला एक वेळ ठीक, पण पितळ आणि गनमेटल ओतणारे, जुन्या बॅटऱ्या फोडणारे, रेडिएटरला डाग देणारे यांच्या हाताला शिसं असतं. हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखू नाही, चहा नाही, डबा नाही. डबाही मशीनच्या कडेला उघडायचा नाही.

शिशाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ते पोरांना लागतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेलं शिसं जेवढं अंगात मुरतं त्याच्या चार-पाच पट लहान पोराच्या अंगात मुरतं. पोट दुखणं, शौचाला घट्ट होणं, अंगावर रक्त नसणं, शाळेत लक्ष न लागणं, अशी लक्षणं असतात, किंवा काहीच दिसत नाही. सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपाशी आणि रक्त कमी असलेल्या पोराच्या अंगात ते जास्त शिरतं, म्हणून पोटभर खाणं, नाचणी, दूध, पालेभाजी यांचा इथं थेट संबंध आहे.

शिसं येण्याची आणखी एक वाट म्हणजे गणपतीच्या आधीची रंगरंगोटी. जुन्या चौकटीवरचा ऑइल पेंट पॉलिश पेपरनं कोरडाच घासला की ती पिवळी-हिरवी भुकटी घरभर होते. घरच्या रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. पाणी मारून ओलं घासायचं, भुकटी ओल्या फडक्यानं गोळा करायची, आणि तेवढे दोन दिवस पोरं मामाकडे.

घरात कोरडा केरसुणीचा झाडू जितका कमी तितकं बरं. आधी पाण्याचा हलका शिपका किंवा सरळ ओलं फडकं.

चुलीचं वेगळं सांगायला हवं. आषाढात खानापूरकडे सरपण इतकं ओलं असतं की पेटता पेटत नाही. मग कॅरीबॅग नाहीतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आत सारला जातो. प्लॅस्टिक, त्यातही पीव्हीसी, जळताना डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. ती धुरात जातात आणि राखेतही उरतात. त्याच राखेनं दुसऱ्या दिवशी भांडी घासली जातात. नारळाची किशी, वाळलेल्या शेणीचा चुरा पत्र्याच्या डब्यात घालून चुलीजवळ ठेवा, पावसातही पेट घेतो. चुलीत प्लॅस्टिक गेलं असेल तर ती राख भांड्याला नको आणि परसातल्या भाजीलाही नको.

माझी अक्का निपाणीकडे दिली आहे. तिकडं आमच्या वाळूच्या जागी तंबाखू. दवानं ओल्या पानात काम केलं की निकोटीन कातडीतून आत जातं. मळमळ, उलटी, गरगरणं सुरू होतं आणि लोक म्हणतात पित्त झालं. पानांवरचं दव वाळल्यावर शेतात जा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि रबरी हातमोजे घाला, अंग भिजलं तर कपडे बदला. विडीचा तंबाखू घरात, झोपायच्या खोलीत ठेवायचा नाही. हे अक्काला पटतं, पण जागा कुठं आहे म्हणते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

फवारणीच्या औषधाचं लेबल कानडीत असो की इंग्रजीत, त्यावरच्या चौकोनात खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. रिकामा डबा धुऊन त्यात रॉकेल किंवा पाणी भरणं बंद करा. त्याला भोक पाडा, म्हणजे कुणाला मोह होणार नाही.

शेवटी तपासणीचं. खोकला दोन आठवडे राहिला की डॉक्टरला आपणहून सांगायचं, "साहेब, मी फेटलिंगवर असतो, वाळूत." हे सांगितलं नाही तर सिलिकोसिसचा फोटो टीबीसारखा दिसू शकतो आणि औषध टीबीचं चालू होतं. कधी दोन्ही असतात, म्हणून थुंकीची तपासणी टाळू नका. सिलिकोसिस हा कामगार कायद्यानं ठरवलेल्या आजारांच्या यादीतला आजार आहे; आधी ही यादी कारखाना कायदा, १९४८ मध्ये होती. निदान झालं तर डॉक्टरनं आणि मालकानंही ते सरकारला कळवायचं असतं. ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल तर ते चालू आहे का हे आजारी पडायच्या आधी बघा. छातीचा एक्स-रे काढला की फिल्म दवाखान्यात सोडून येऊ नका. पाच वर्षांपूर्वीची फिल्म शेजारी धरल्यावरच डॉक्टरला फरक कळतो.