हिमालयनचा पुढचा टायर

चिखलदऱ्याचा घाट उतरताना वळणावर माझी हिमालयन मोटरसायकल पुढून सरकली. पाहतो तर टायरची नक्षी झिजून, टायर बदलायची वेळ दाखवणाऱ्या खुणेच्या पट्टीला टेकली होती. माप ९०/९०-२१. परतवाड्यात एकाने स्वस्तात काढून दिला, "नवाच आहे जी!" पण कडेवरच्या लंबगोलात ३११८ कोरलेलं, म्हणजे २०१८ चा ३१ वा आठवडा. नख दाबलं तर रबर दगडासारखं. नाही घेतला. पुढच्या चाकात असली काटकसर नकोच, ब्रेकचा बहुतेक भार तिथेच येतो.

शेवटी अमरावतीहून देशी कंपनीचा, ताजा, ५४एस लिहिलेला आणला; ५४ म्हणजे २१२ किलो वजन पेलतो, एस ही वेगमर्यादेची खूण. आऱ्यांचं (स्पोकचं) चाक, म्हणून ट्यूबही नवी टाकली. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनं आहे ना, हे पंक्चरवाल्याजवळ उभं राहून पाहिलं.