मोहावे वाळवंटातील स्पाइनफ्लॉवर कसे शोधावे

कोरिझँथी रिजिडा, म्हणजेच डेव्हिल्स स्पाइनफ्लॉवर, ही अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील मोहावे आणि सोनोरा वाळवंटांत उगवणारी वर्षायू वनस्पती आपल्या चुक्याच्या कुळातली आहे, हे तिच्याकडे पाहून कोणालाही खरे वाटणार नाही. तिची उंची फार तर वीतभर, बहुधा बोटभरच असल्यामुळे चालता चालता नजर टाकून ती सापडत नाही.

शोध मार्च ते मे या काळात घ्यावा. वाळूच्या टेकड्या सोडून, जेथे बारीक माती निघून जाऊन काळपट दगडगोटे फरशीसारखे दाटून बसले आहेत अशी सपाट जागा निवडावी. माझ्या मते हिरव्या रोपापेक्षा आधी गेल्या वर्षीचा सांगाडा शोधणे सोपे पडते, कारण रोप मेल्यावरही लाकडासारखे कडक होऊन, काळे पडून जागच्या जागी उभे राहते आणि जळक्या, बुटक्या निवडुंगासारखे दिसते. असा सांगाडा दिसला की तेथेच गुडघे टेकून आसपास पाहावे. मात्र गुडघ्याखाली आधी गोणपाटाची जाड घडी घालावी, नाहीतर पुढचे निरीक्षण काटे उपसण्यातच जाते.

कोवळ्या रोपाला बुडाशी लांब देठांची, रुंद, खालून लोकरीसारखी लव असलेली पाने असतात. रोप वाढू लागले की ती सुकतात आणि काट्यांचा गच्च झुबका तेवढा उरतो. पिवळे फूल जेमतेम 2 मिलिमीटरचे असून काटेरी कोषात दडलेले असते, तेव्हा दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ हवेच. याच भागातील कोरिझँथी ब्रेव्हिकॉर्नु ही जातभगिनी किडकिडीत, फांद्याफांद्यांची असते आणि तिचे सांधे हात लागताच मोडतात. त्यामुळे दोघींची गल्लत होऊ नये.

सांगाडा वाळला आहे म्हणून उपटू नये. त्याच्या कठीण कोषांत बी वर्षानुवर्षे बंद राहते आणि पाऊस पडून कोष भिजले की त्यातले थोडेथोडे सुटते. ते पुष्कळदा त्याच्या पायथ्याशीच रुजते. शिवाय डेथ व्हॅली किंवा जोशुआ ट्री यांसारख्या राष्ट्रीय उद्यानांत परवान्याशिवाय वनस्पती गोळा करण्यास मनाई आहे. छायाचित्र मात्र अवश्य घ्यावे, तेही कॅमेरा जमिनीला टेकवून आणि सकाळच्या तिरप्या उन्हात. वरून घेतल्यास काळ्या दगडांत काळा सांगाडा हरवतो.