शहराचं उन्हाळी शिबिर वाढवायचंय? मग मुलं नाही, केंद्रं वाढवा

एप्रिल उजाडला की कुणीतरी विचारतंच, आमच्याकडे महापालिकेचं मुलांचं शिबिर मस्त चालतं पण जागा दोन दिवसात भरतात, तर यंदा मोठं करायचं म्हटलं तर काय करावं लागेल. एप्रिलमध्ये विचारताय ना, मग यंदाचं सोडा, पुढच्या मे महिन्याचं बोलू. मी पुण्याच्या हिशोबाने लिहितोय कारण इथली ऑफिसं आणि इथलं ऊन माहितीतलं आहे, पण नाशिक सोलापूर कोल्हापूरवाल्यांनाही यातलं बरंचसं चालेल. नागपूरवाल्यांनी मात्र वेळा अजून अलीकडे ओढा, तुमच्याकडचा मे वेगळाच असतो.

आधी मोठं म्हणजे काय ते ठरवा. आपल्याकडे मोठं म्हणजे त्याच मैदानावर चाळीसच्या जागी दोनशे मुलं, वर मंडप, स्पीकर, सगळ्यांना टीशर्ट आणि उद्घाटनाला पाहुणे. फोटो भारी येतात. पण दोनशे मुलं एका जागी आली की अर्धा वेळ रांगा लावण्यात आणि माइकवरून गप्प बसा म्हणण्यात जातो, एका मुलाच्या हातात मातीचा गोळा येईपर्यंत दहा वाजतात, आणि मुख्य म्हणजे येतात कोण तर ज्यांच्या घरी सोडायला टू व्हीलर आणि ती चालवणारं माणूस मोकळं आहे त्यांचीच. मागच्या वस्तीतली पोरं येत नाहीत, कारण मधे मोठा रस्ता आहे आणि आई सकाळी आठला कामावर गेलेली असते. म्हणून माझं म्हणणं साधं आहे, एका केंद्रात चाळीसच्या वर मुलं घ्यायची नाहीत, आणि मागणी वाढली की दुसरं केंद्र काढायचं, घरापासून दहा मिनिटं चालत आणि मोठा रस्ता ओलांडावा न लागता पोचता येईल असं.

जागा शोधताना

जागा नाही हे फार ऐकू येतं, पण जागा असते, किल्ली नसते. प्रभागाचा नकाशा घ्या आणि मनपा शाळा, समाजमंदिरं, विरंगुळा केंद्रं, अभ्यासिका, व्यायामशाळा, बागा सगळ्यांवर खुणा करा. मग प्रत्येक ठिकाणी स्वतः जा, आणि सकाळी सातला नाही तर साडेदहाला जा. पत्र्याच्या शेडखाली साडेदहाला उभं राहून बघा, तिथे तुम्हाला नको झालं तर मुलांना कसं चालेल. शाळेचा तळमजला आणि व्हरांडा याच्याइतकी चांगली जागा नाही, बाग दुसऱ्या नंबरला, तीही झाडं मोठी असतील तरच. नवीन बागांमध्ये लॉन आणि कारंजं असतं, सावली नसते.

संडास बघाच. मुलींचा वेगळा आहे का, आतून कडी लागते का, पाणी येतं का. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असणं नवीन नाही, आणि धरणं खाली गेली की मे मध्ये कपात होतेच, त्यामुळे टाकी किती लिटरची आहे हे शिपायाला विचारून ठेवा आणि गुरुवारचा कार्यक्रम चिकटपट्टी-कागदाचा ठेवा, मातीकाम रंगकाम बुधवारीच उरकायचं.

आणि किल्ली. परवानगीचं पत्र क्षेत्रीय कार्यालयातून मिळतं, शाळा असेल तर शिक्षण विभागाचं वेगळं लागतं, पण सकाळी सातला कुलूप उघडणारा माणूस म्हणजे रखवालदार, त्याला पत्राची झेरॉक्स तुम्ही स्वतः नेऊन द्या, वरून खाली कागद येईल या भरवशावर राहू नका. मे मध्ये शाळांची डागडुजी रंगरंगोटी पण निघते, तेही मुख्याध्यापकांना आधीच विचारा नाहीतर वर्गात मुलांऐवजी बाकं रचलेली सापडतील.

तारखा

वार्षिक परीक्षा आता लांबल्यात, २०२५ मध्ये राज्याने पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत ठेवल्या होत्या आणि शाळा १६ जूनला उघडल्या, विदर्भात २३ ला. म्हणजे एप्रिलमधलं शिबिर विसरा. मे मध्ये पहिले दोन आठवडे मुलं शहरात सापडतात, मग लग्नं आणि गाव सुरू होतं आणि हजेरी निम्म्यावर येते. महिनाभराचं एक शिबिर ठेवण्यापेक्षा बारा-बारा दिवसांच्या दोन बॅचेस करा, एक मेच्या सुरुवातीला आणि दुसरी गावाहून परत आल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यापासून. दुसऱ्या बॅचला पावसाची शक्यता धरून आतली जागा हवी.

निवडणुका असतील तर कॅलेंडर परत बघा. २०२४ ला पुण्यात १३ मे ला लोकसभेचं मतदान होतं, अशा वेळी शाळा मतदान केंद्र होतात आणि शिक्षक ड्युटीवर. आचारसंहिता लागली की नवीन खर्चाची फाईल पण हलत नाही.

उलटं मोजत या. महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आयुक्त अंदाजपत्रक त्याच्या एक-दोन महिने आधी स्थायी समितीसमोर ठेवतात, म्हणजे तुमचा कागद दिवाळीच्या आसपास आत गेलेला हवा. कुणाकडे, तर शिक्षण, क्रीडा, समाज विकास, उद्यान अशा सगळ्यांचा थोडाथोडा संबंध येतो आणि म्हणून कुणाचाच येत नाही. एकच खातं धरा. माझा कल समाज विकासकडे, कारण त्यांच्या समूह संघटिका वस्तीत फिरतात, बचत गटांना नावानिशी ओळखतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना बजेटमध्ये घ्यायची पद्धत आहे, त्यात शिबिर चालवायचे पैसे बसवणं अवघड जातं कारण तो सगळा छोट्या बांधकामांचा मामला, पण शाळेच्या आवारात शेड, पाण्याचे नळ, मुलींच्या संडासाची दुरुस्ती हे त्यात मागता येतं. मागा. शिबिर झालं नाही तरी नळ राहतो.

माणसं

सगळं इथे अडतं. पैसे नाहीत म्हणून केंद्र बंद पडलेलं कमी बघितलंय, मुलं सांभाळणारी ताई नाही म्हणून बंद पडलेली पुष्कळ.

चाळीस मुलांना तीन जण लागतात, त्यातली किमान एक बाई, आणि एक जण असा की जो आजारी मुलाला घरी सोडायला गेला तरी मागे दोघं उरतील. कॉलेजची एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं घेऊ असं प्रत्येकजण म्हणतो, पण मे मध्ये त्यांच्या विद्यापीठाच्या परीक्षा असतात, आठवडाभर येतात आणि गायब होतात, त्यांचीही चूक नाही. त्यांना जानेवारी-फेब्रुवारीत वस्तीत नावनोंदणीला घ्या, तिथे ती उत्तम काम करतात. रोजच्या केंद्रासाठी त्याच वस्तीतली बारावी झालेली मुलगी शोधा, डीएडवाली असेल तर फारच छान, समाजकार्याचे विद्यार्थी, अंगणवाडी सेविकेची भाची, मल्लखांब शिकवणारा तालमीतला दादा. वस्तीतली असली की मुलं का आली नाहीत हे तिला कळतं आणि संध्याकाळी ती दारावर जाऊन विचारते, बाहेरच्याला ते जमत नाही. आणि तिला मानधन द्या, सेवाभाव वगैरे म्हणून फुकट राबवू नका, ज्या मुलीच्या घरी तिच्या पगाराची वाट बघतात ती फुकट काम करूच शकत नाही आणि मग उरतात फक्त हौशी.

नवीन ताई-दादा थेट नवीन केंद्रावर पाठवू नका. पहिल्या वर्षी चालू केंद्रात चौथं माणूस म्हणून बसवा. मग पुढच्या वर्षी जुनं केंद्र फोडा, अनुभवी दोघांपैकी एक तिकडे जाईल, एक इथे राहील, आणि दोन्हीकडे नवीन भर. असं दरवर्षी फार तर दुप्पट होतं, त्याच्या वर गेलात की दर्जा घसरतो. साहेबांना एका वर्षात तीनवरून पन्नास केंद्रं हवी असतात, त्यांना हे गणित कागदावर दाखवा.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण. भाषणं नकोत, स्वतः खेळून बघणं, गोष्ट सांगून बघणं, भांडणारी दोन मुलं कशी सोडवायची ते करून बघणं. सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनासारख्या ठिकाणी मुलांबरोबर वर्षभर काम चालतं, तिथे जाऊन एक सकाळ नुसतं बसायची परवानगी मिळाली तर सगळ्यांना न्या.

धाकटी भावंडं

फॉर्मवर आपण छापतो, वय ७ ते १४. आणि मग दहा वर्षांची मुलगी कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊन दारात उभी राहते. आई कामावर, बाळ तिच्याकडे. तिला परत पाठवलंत तर ती उद्या येणार नाही, आणि तिच्यासारख्या बऱ्याच जणी मुळात फॉर्मच भरत नाहीत. मुली कमी का येतात यावर मीटिंगा घेण्यापेक्षा एका कोपऱ्यात सतरंजी टाका, चार डबे-चमचे-ठोकळे ठेवा आणि वस्तीतल्या एखाद्या आजीला किंवा अंगणवाडी मदतनीस मोकळी असेल तर तिला तेवढ्या तीन तासांचं मानधन देऊन बसवा. एवढ्याने फरक पडतो. खर्चात हे पहिल्यांदा कापलं जातं, कापू देऊ नका.

वेळही आयांच्या कामाशी जुळवा. साडेसात ते साडेदहा ही वेळ उन्हासाठी बरोबर आहे, पण कामावर निघण्याआधी मुलाला सोडायला ती त्यांना जमते का तेही विचारा.

पैशाचा हिशोब

एका केंद्राचा कच्चा हिशोब देतो, आकडे माझ्या अंदाजाचे, तुमच्याकडच्या भावाने बदला. चाळीस मुलं, बारा दिवस. खाऊ माणशी रोज १५ रुपये धरला तर ७,२००. तीन ताई-दादा रोज ४०० ने १४,४००. आजी रोज २०० ने २,४००. साहित्य ४,०००. पिण्याच्या पाण्याचे जार, औषधपेटी, झेरॉक्स वगैरे २,०००. झाले तीस हजार, म्हणजे मुलामागे दिवसाला साधारण साडेबासष्ट रुपये. दहा केंद्रं झाली की वर एक पूर्णवेळ समन्वयक लागतो, तो सगळे विसरतात. मंडप, ट्रॉफी, टीशर्ट यात नाही आणि मुद्दामच नाही.

महापालिकेचं बिल पास व्हायला वेळ लागतो, पण ताईचं मानधन बाराव्या दिवशीच हातात पडलं पाहिजे, त्यामुळे मधे उचल देणारी एखादी संस्था किंवा मंडळ हवं. कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा निधी मिळतोय म्हणून खूश होण्याआधी बघा, ज्या संस्थेच्या नावावर पैसे येणार तिची असा निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी आहे का, ती नसेल तर कंपनी त्यांना देऊ शकत नाही, मग साध्या महिला मंडळाला नोंदणीवाल्या संस्थेचा हात धरावा लागतो. मुलांकडून फी घ्यायचीच तर नाममात्र, आणि न देणाऱ्याचं नाव कुठेही वाचून दाखवायचं नाही.

खाऊ असा की जो उन्हात खराब होत नाही, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, केळं, फुटाणे. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते फॉर्मवरच विचारा. कापलेलं कलिंगड नको, सकाळी सहाला केलेले पोहे दहाला नको.

करायचं काय यावर फार डोकं घालू नका, मुलांना बाकी मुलं मिळाली की निम्मं काम होतं. लगोरी, लंगडी, खो-खो, डबा ऐसपैस, सागरगोटे याला खर्च शून्य. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंमधून खेळणी कशी करायची हे सगळं फुकट खुलं करून ठेवलंय, काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलच्या ट्यूबचे तुकडे एवढ्यावर आठवडा निघतो. गोष्टी स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवर मराठीत भरपूर आहेत, प्रिंट काढायला परवानगी आहे. कोडिंग, रोबोटिक्सवाला येऊन चकाचक डेमो देऊन जातो, तो एक दिवस ठीक. पोहणं आणि धरणावरची सहल, सरळ नाही म्हणा. चाळीस मुलं पाण्याजवळ नेण्याची तयारी आपल्यापैकी कुणाकडेच नसते.

सुरक्षितता, यात सूट नाही

काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी, वस्तीतल्या ओळखीच्या दादाचीही. कुणीही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत नाही. मूल कुणाबरोबर घरी जाणार हे फॉर्मवर लिहिलेलं आणि रोज सही. फोटो काढायला पालकांची लेखी संमती, आणि मुलांच्या नावापत्त्यासकट ग्रुपवर काही टाकायचं नाही. ताई-दादांना प्रशिक्षणातच सांगा की लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, घरच्यांशी बोलून मिटवू हा पर्याय नसतोच. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आणि रुग्णवाहिका १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात.

उन्हाचं म्हणाल तर हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की त्या दिवशी मैदान बंद, सगळं आत. दर अर्ध्या तासाला शिट्टी मारून पाणी. ओआरएसची पाकिटं ठेवा, संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल तर तोंडाने काही पाजू नका, सावलीत घ्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ लावा.

रोजची हजेरी मुलगे-मुली वेगळी आणि वस्तीनुसार लिहा, सर्टिफिकेटच्या डिझाइनवर जो वेळ जातो तो इथे घाला. दहाव्या दिवशी किती मुलं टिकली, आणि कुठली गल्ली मुळात आलीच नाही, हे दोन आकडे दिवाळीत कागद द्यायला जाल तेव्हा कामी येतात. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत वर्ग झाडून, बाकं जागेवर लावून किल्ली परत द्या आणि मुख्याध्यापकांकडून तसं दोन ओळीत लिहून घ्या, पुढच्या वर्षीच्या अर्जाला ते पत्र वर लावायचं.