लांगेमध्ये सात दिवस: गाडी कमी, जेवण जास्त

इटलीत गाडीने फिरायचं म्हटलं की आपली मंडळी आधी मॅप उघडतात आणि सकाळी फ्लोरेन्स, दुपारी पिसा, रात्री थेट व्हेनिस असा बेत आखतात, मग घरी आल्यावर आठवतं काय, तर टोलनाके. खाण्यापिण्यासाठी जायचं असेल तर हे गणित उलटं मांडायचं, आधी जेवणं ठरवायची आणि मग दोन जेवणांच्या मधे गाडी बसवायची. आम्ही चौघांनी (मी, नवरा, ताई आणि भावोजी) हे केलं इटलीच्या वायव्येकडच्या पिएमोंते प्रांतातल्या लांगे भागात. रोजचं ड्रायव्हिंग ४० किलोमीटरच्या वर जवळजवळ कधीच गेलं नाही, तरी आठवडा कमी पडला. टस्कनीबद्दल माझं काही भांडण नाही, पण तिथे अंतरं मोठी आहेत, इथे एका टेकडीवर उभं राहिलं की उद्या कुठल्या गावात जेवायचंय ते समोर दिसतं.

लांगे म्हणजे आल्बा या गावाभोवती आणि त्याच्या दक्षिणेला पसरलेल्या टेकड्या. उतारावर द्राक्षबागा आणि माथ्यावर चर्च-किल्ला-चार गल्ल्या एवढंच गाव. २०१४ पासून इथल्या निवडक बागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. विमानाने तोरिनोला उतरलात तर आल्बा साधारण सव्वा तास, मिलानच्या मालपेन्साला उतरलात तर दोन तासांच्या वर. रात्रभर विमानात बसून आल्यावर लगेच गाडी हातात घेऊ नका, एक रात्र तोरिनोत झोपा.

कधी जायचं यावर माझं मत पक्कं आहे: मे-जून किंवा सप्टेंबर. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत आल्बात पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली उगवणारी घमघमती, महागडी बुरशी) मोठी जत्रा असते, तेव्हा खोल्या महाग, टेबल मिळत नाही, आणि नोव्हेंबरात धुकं इतकं की समोरची टेकडी गायब. नेब्बिओलो या द्राक्षाचं नाव नेब्बिया म्हणजे धुक्यावरून पडलं असं बरेच जण सांगतात ते उगीच नाही. ट्रफलसाठीच जायचं असेल तर जत्रेच्या काळात आठवड्याच्या मधले वार धरा, शनिवार-रविवार टाळा.

आता मुक्काम. एकच ठिकाण घ्या, सातही रात्री तिथेच. रोज बॅग भरायची म्हटलं की निवांतपणा तिथेच संपतो. ला मोर्रा, कास्तिल्योने फाल्लेत्तो किंवा मोन्फोर्ते, यांच्या आसपास आग्रितुरिस्मो शोधा, म्हणजे शेतकऱ्याच्या घरातल्या खोल्या, बऱ्याच ठिकाणी संध्याकाळचं जेवणही तेच करतात. हे महत्त्वाचं का ते सांगते. रात्री जेवताना वाइन घेतली की गाडी चालवायची नाही, आणि या गावांत हात केला की टॅक्सी मिळत नाही. जिथे झोपायचं तिथेच किंवा पायी जाता येईल अशा अंतरावर जेवण असेल तर प्रश्नच मिटतो.

दारू आणि गाडी याबद्दल कायदा असा की रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमपर्यंत चालतं, पण लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. आम्ही हिशोबात पडलोच नाही, दिवसाआड ड्रायव्हर ठरवला, एक दिवस नवरा एक दिवस ताई, आणि ज्याची पाळी त्याने वाइनचा फक्त वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचं. हो, थुंकायचं. टेस्टिंगच्या टेबलावर त्यासाठी भांडं असतं, नसलं तर मागा, कोणी वाईट मानत नाही, उलट या माणसाला कळतं असा भाव येतो चेहऱ्यावर. आपल्याला लाज वाटते, पहिल्या दिवशी नवऱ्याने सगळ्या गिळल्या आणि मग ताईला एक दिवस जास्त चालवावी लागली.

गाडी छोटी घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच तसं बुक करा, तिथे अजून मॅन्युअल भरपूर असतात आणि उजव्या बाजूने चालवताना उजव्या हाताने गिअर टाकणं हे दोन्ही एकदम शिकायला घाट बरा नाही. भारतातलं लायसन्स असेल तर आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट काढून न्या. राऊंडअबाऊटमध्ये आधीपासून आत असलेल्याला पहिला मान. पार्किंगच्या पांढऱ्या रेघा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे, पिवळ्या म्हणजे तुमच्यासाठी नाही. पांढऱ्या रेघांवरही कधीकधी वेळेची मर्यादा असते, पाटी वाचा. पेट्रोल म्हणजे बेन्झिना, डिझेल म्हणजे गाझोलियो, आणि पंपावर सेल्फ लिहिलेल्या बाजूला स्वस्त पडतं.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे झेडटीएल. जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, गेटबिट काही नसतं, नुसती पाटी आणि कॅमेरा. आम्हाला त्या वेळी काहीच कळलं नाही, चार महिन्यांनी घरी दंड आला आणि वर गाडी भाड्याने देणाऱ्यांची फी वेगळी. जुन्या गावात गाडी घालायचीच नाही, भिंतीबाहेर लावायची आणि चालायचं. दुसरं म्हणजे मॅपवर आंधळा विश्वास नको, आम्हाला त्याने शॉर्टकट म्हणून द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरच्या मातीच्या वाटेवर नेऊन सोडलं, मागे वळायला जागा नाही, शेवटी एका आजोबांनी हातवारे करत करत रिव्हर्समध्ये बाहेर काढलं.

आता मुद्द्याचं, दुपारचं जेवण. ट्रिपचा कणा हाच. साडेबाराला बसायचं, दोनच्या आसपास किचन बंद व्हायला लागतं, आणि मग संध्याकाळी साडेसातपर्यंत नीट जेवण कुठेच नाही. म्हणजे अडीचला भूक लागून उपयोग नाही. घरून निघायच्या आधीच तीन-चार दुपारी बुक करा, बाकीच्या मोकळ्या ठेवा, आणि बुक करताना त्या ठिकाणाचा आठवड्याचा सुट्टीचा वार बघा. एका दिवसात एक मोठं जेवण आणि एक वाइनरी, बस. वाइनरीलाही आधी ईमेल करायचा, असंच दार वाजवून चालत नाही, घरचीच माणसं बागेत कामावर असतात. सकाळी साडेदहाची वेळ मागा, तासा-दीड तासात उरकतं आणि सरळ जेवायला. जेवणानंतर वामकुक्षी. दुपारनंतर काहीही ठरवू नका.

खायचं काय? ताजारिन ही इथली बारीक शेवयांसारखी पास्ता, अंड्याच्या नुसत्या बलकात मळलेली, किलोभर पिठाला तीस बलक घालणारेही आहेत, म्हणून ती पिवळीधम्मक असते. आन्योलोत्ती देल प्लिन म्हणजे सारण भरलेले इवलेसे चौकोन, प्लिन म्हणजे चिमटा, आपण करंजीची कड दाबतो तसं दोन बोटांत चिमटून बंद करतात. बान्या काउदा ही लसूण, तेल आणि अँचोव्ही मासळीची गरम चटणी म्हणा, दिव्यावर ठेवलेल्या भांड्यात भाज्या बुडवून खायच्या, थंडीतला प्रकार. आणि शेवटी हेझलनटचा केक, सोबत मोस्कातो दास्ती, गोडसर, फसफसती, जेमतेम पाच टक्के अल्कोहोल.

पण इथे आपल्या लोकांसाठी एक धोक्याची घंटा, दोन घंटा. नॉनव्हेज खाता पण बीफ नाही, असं असेल तर नीट विचारा, कारण या भागाचं स्वयंपाकघर गाय-वासरावरच उभं आहे. वितेल्लो म्हणजे वासरू, मान्झो म्हणजे बीफ, फास्सोना ही इथली गुरांची जात, कार्ने क्रुदा म्हणजे वासराचं कच्चं मांस. प्लिनच्या सारणात आणि ताजारिनवरच्या रागूत म्हणजे मांसाच्या रश्शातही तेच असू शकतं, ब्रा गावचं प्रसिद्ध सॉसेजसुद्धा मुख्यतः वासराचंच. त्याऐवजी कोनिल्यो म्हणजे ससा किंवा फाराओना म्हणजे गिनी कोंबडी मागा. आणि शाकाहारी असाल तर नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको मासे नको हे म्हणा आणि अँचोव्हीचं वेगळं विचारा, ती कुठेही लपलेली असते, भाजलेल्या मिरच्यांवर, हिरव्या चटणीत. रिसोत्तोला मांसाचं पाणी, पान्ना कोत्ता या सायीच्या गोडाला जिलेटिन, बऱ्याच चीजला रेनेट म्हणजे वासराच्या पोटातलं विरजण. भावोजी पक्के शाकाहारी (अंडं आणि चीज चालतं म्हणून वाचले), ते आठवडाभर लोणी आणि सेजच्या पानांतली ताजारिन, कास्तेलमान्यो चीजमधले न्योक्की (बटाट्याचे छोटे गोळे) आणि फोंदुता (वितळलेलं चीज) यावर मजेत होते. जैन असाल तर खोलीबरोबर किचन घ्याच.

मेन्यूत अंतिपास्ती (सुरुवातीचं चटरमटर), प्रिमो (पास्ता किंवा भात), सेकोंदो (मांस-मासे), दोल्चे (गोड) अशी रांग असते. सगळं मागवायचं बंधन नाही. इथे अंतिपास्तीच पाच-सहा प्रकारची येतात, ती आणि एक प्रिमो यात आपलं पोट भरतं. बिलात माणशी कोपेर्तो लावतात, ती बसण्याची फी, भांडू नका. ट्रफल मात्र ग्रॅमवर असतं. ताटावर किसायला सुरुवात करायच्या आधी भाव विचारा आणि ‘पुरे’ म्हणायला लाजू नका. पांढरं ट्रफल शिजवत नाहीत, साध्या अंड्यावर किंवा ताजारिनवर कच्चंच किसतात, म्हणून ते घ्यायचं तर साध्यात साध्या डिशवर घ्या.

वाइनबद्दल एवढंच लक्षात ठेवा की बारोलो आणि बार्बारेस्को दोन्ही शंभर टक्के नेब्बिओलोच्या. बारोलो बाजारात यायच्या आधी किमान ३८ महिने मुरवतात, त्यातले १८ लाकडात, बार्बारेस्को २६ महिने आणि ९ लाकडात. रंग फिका बघून हलकी समजू नका, तरुण बारोलो प्यायलं की जांभळं खाऊन जीभ कोरडी पडते तसं होतं. म्हणून ती नुसती पिऊन नाक मुरडायचं नाही, चरबीवाल्या जेवणाबरोबर प्यायची. पण दुपारी मी तरी बारोलो घेणार नाही. रोजच्या जेवणाला दोल्चेत्तो किंवा बार्बेरा या इथल्या साध्या लाल वाइन, उन्हात नदीपलीकडच्या रोएरोची पांढरी आर्नेइस.

दिवस कसे लावायचे ते थोडक्यात. एक दिवस बार्बारेस्को आणि नेइवे. बार्बारेस्कोत जुन्या चर्चमध्ये एनोतेका म्हणजे वाइनचं दुकान-कम-चाखण्याची जागा आहे, तिथे बऱ्याच वाइनरींच्या वाइन एका जागी चाखता येतात. गावची सहकारी वाइनरीसुद्धा बघा, १९५८ मध्ये गावच्या पाद्रीने १९ छोट्या शेतकऱ्यांना एकत्र आणून सुरू केली, आपल्याकडच्या सहकारी कारखान्यांच्या पंचक्रोशीत वाढलेल्या माणसाला तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं. एक दिवस गाडीला पूर्ण सुट्टी: ला मोर्राच्या कठड्यावरून दरी बघायची, मग बागांमधून पायवाटेने बारोलोला उतरायचं, वाटेत रंगीबेरंगी छोटं चॅपल लागतं, सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या चित्रकारांनी १९९९ मध्ये रंगवलेलं. खाली किल्ल्यात वाइन म्युझियम आणि एनोतेका. परतीची टॅक्सी सकाळीच घरमालकाकडून सांगून ठेवायची, त्या दिवशी ड्रायव्हरही पिऊ शकतो. शनिवार आल्बाच्या बाजाराला. एक दिवस ब्रा, कार्लो पेत्रिनींनी स्लो फूड (फास्ट फूडच्या उलट, स्थानिक आणि निवांत जेवणाची) चळवळ उभी केली ती याच गावातून, पण विषम वर्षांच्या सप्टेंबरात तिथे चीजचा मोठा उत्सव असतो, तेव्हा चीजवेडे असाल तरच जा. आणि एक दिवस वर आल्ता लांगात, मुराझ्झानो-बोस्सोलास्को, तिथे द्राक्षं संपतात आणि हेझलनटची झाडं सुरू होतात, हवा गार, पर्यटक कमी. उरलेल्या दिवशी जे जेवण आवडलं तिथेच परत जा, आम्ही गेलो, आणि दुसऱ्या वेळी मालकीणबाईंनी न मागता भावोजींसाठी वेगळं काढून ठेवलेलं होतं.

परत येताना भारतात माणशी दोन लिटर दारू ड्यूटीशिवाय चालते, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. चेक-इन बॅगेतच टाका, जीन्समध्ये गुंडाळून मधोमध. वजन उरलं तर भाजलेले हेझलनट घ्या, सोललेले, व्हॅक्यूम पॅक.